वर काय पडणार, ताई?

आमच्या गावच्या घराचं छप्पर मी कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत बसून ठरवलं. म्हणजे तेव्हा तरी मला तसंच वाटलं होतं. शनिवारची सकाळ, समोर कपुचिनो आणि डोक्यावर आरपार दिसणारं छप्पर! वर झाडाची पानं हलतायत, त्यांच्या सावल्या टेबलावर नाचतायत. एकदम झक्कास माहौल. वेटरला विचारलं, 'ही काच आहे का?' तो म्हणाला, 'नाही मॅडम, अ‍ॅक्रिलिक.' मी लगेच फोटो काढला आणि आईला व्हॉट्सअ‍ॅप केला, 'मागल्या दारी असं करूया?'

आईचं उत्तर संध्याकाळी आलं. 'छान आहे गो. पण तिकडे वानरं कुठायत?'

आता ही वानरांची भानगड कळायला आमचं घर माहीत हवं. दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे अंगण. मागे स्वयंपाकघर, आणि तिथून बाहेर पडलं की दहा-बारा पावलांवर न्हाणीघर. या दोघांमधला बारा बाय दहा फुटांचा तुकडा म्हणजे आमचं मागलं दार. भांडी तिथे, आंघोळीच्या पाण्याची चूल तिथे, आमसुलं आणि आंबापोळ्या वाळत घालायच्या त्याही तिथेच. पाहुणे पुढल्या दारी येतात, घर राहतं मागल्या दारी.

स्वयंपाकघरात कौलांच्या मध्ये एक काचेचं कौल होतं. सकाळी नऊ-साडेनऊला त्यातून उन्हाची एक तिरीप ओट्याशेजारी उतरायची आणि हळूहळू सरकत भांड्यांच्या फळीपर्यंत जायची. तिरीप फळीला लागली की आई आमटीला फोडणी द्यायची. तिला घड्याळाची गरज पडायची नाही.

३ जून २०२०ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावर चढलं ते रायगडात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला. पण आमच्या दापोली-मंडणगडलाही त्यानं झोडपून काढलं. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, अर्धी कौलं उडाली आणि ते काचेचं कौलही गेलं. पाऊस दाराशी आलेला, त्यात लॉकडाऊन. मी पुण्यात अडकलेले. कौलं कुठे मिळेनात, सगळ्या गावांना एकाच वेळी छप्पर हवं होतं. फोनाफोनी करून मी स्वयंपाकघरावर टाकायला लोखंडी पत्रे मिळवले. मागल्या दारासाठी दुकानदारानं विचारलं, 'पारदर्शक पत्रा आहे, पाठवू? कुठला हवाय?' मी म्हणाले, 'काहीही चालेल हो, लवकर द्या.'

हे 'काहीही चालेल' मला पुढे बरंच महागात पडलं.

जो आला तो फायबरचा पत्रा होता. फायबर वाईट असतं असं नाही. चांगल्या प्रतीचा, वरून नीट कोटिंग असलेला पत्रा कारखान्यांच्या शेडवर वर्षानुवर्षं टिकतो. आमचा होता पातळ आणि स्वस्तातला. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी तो पिवळट पडला. तिसऱ्या वर्षी उन्हानं वरचा थर झिजून आतले काचतंतू दिसायला लागले, स्क्रूच्या भोकांपाशी भेगा पडल्या आणि पाणी ठिबकायला लागलं. एकाच जागी, पावसाळाभर. खालच्या चिऱ्यांवर शेवाळ धरलं. आईनं फोनवर दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा म्हणाले, 'दिवाळीला आले की बघू.'

जुलै २०२३मध्ये पहाटे साडेपाचला अण्णा न्हाणीघराकडे जाताना तिथेच घसरले. खुब्याचं हाड मोडलं. चिपळूणला ऑपरेशन, पुढे दोन महिने वॉकर. घरात कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. पण तो पत्रा कुणी मागवला होता, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

तर या वेळी मी 'काहीही चालेल' म्हणणार नव्हते. प्लेन लोखंडी पत्रा टाकून मोकळं व्हावं, तर आईची एकच अट होती, 'अंधार नको.' काचेचं कौल गेल्यापासून स्वयंपाकघरात उजेड येतो तो फक्त मागल्या दारातून. तोही बंद झाला तर दिवसा दिवा लावायचा. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. तिच्यासाठी उजेड ही काही इंटिरिअर डेकोरेशनची गोष्ट नाही.

म्हणजे पारदर्शक हवं, न गळणारं हवं आणि टिकणारं हवं. काच नको, कारण फुटली तर खाली माणसं आहेत आणि वजनही दुप्पट. उरले दोन ऑप्शन : अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट. मी आमच्या ऑफिसात शोभेल अशी एक्सेल शीट केली. रकाने अकरा, मार्क दहापैकी. टोटल आली, तर दोघांना सारखे मार्क! झालं, मी जाम कन्फ्यूज.

शेवटी एक दिवस हाफ डे टाकून भवानी पेठ गाठली. एका दुकानाच्या काउंटरवर दोन्ही शीटचे हातभर तुकडे शेजारी शेजारी ठेवलेले. मला तर फरकच कळेना. दोन्ही काचेसारखे स्वच्छ, दोन्ही काचेच्या निम्म्या वजनाचे. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड शीट घेतली तर दोन्हींचं वजन सव्वा किलोच्या आतच, काचेचं अडीच किलो. दुकानदार काका साठीच्या पुढचे, शर्टाच्या खिशात चष्मा. त्यांनी काही न बोलता ड्रॉवरमधून हातोडी काढली आणि पहिल्या तुकड्यावर मारली. फाट्! आरपार तडा. मग दुसऱ्या तुकड्यावर त्याहून जोरात. ठप्प. नुसता एक पांढरट डाग.

'हे तुटलं ते अ‍ॅक्रिलिक,' काका म्हणाले.

मी म्हटलं, 'मग प्रश्नच मिटला की! पॉलिकार्बोनेट द्या.'

'थांबा,' म्हणत त्यांनी खिशातून किल्ली काढून दोन्ही तुकड्यांवर घासली. पॉलिकार्बोनेटवर सरळ ओरखडा उठला. अ‍ॅक्रिलिकवर उठला तो अगदी पुसट. 'आणि अ‍ॅक्रिलिकवरचा पॉलिश करून घालवता येतो. हा नाही जात. ताई, मला एक सांगा, वर काय पडणार?'

माझ्या एक्सेल शीटमध्ये हा रकाना नव्हता.

मी आठवून सांगायला लागले. नारळ. शेजारच्या माडाच्या झापा. आंबे. वानरं तर रोजचीच. आमच्याकडे त्यांचा कळप परसातल्या फणसावरून थेट छपरावर उडी मारतो. कोकणात कौलं जायला वादळच यावं लागत नाही, एक कळप पुरतो. काका हसले. 'मग अ‍ॅक्रिलिक विसरा. कॅफेवर काय पडतं? पानं आणि कबुतरं. आता सांगा, खाली काय आहे?'

'चूल,' मी म्हणाले.

'बघा! तिथेही तेच उत्तर.'

मग काकांनी चहा मागवला आणि माझा फंडा क्लिअर केला. तुमच्यापैकी कुणाला टेरेसवर, रो-हाउसच्या पार्किंगवर किंवा गावच्या घरावर असं काही करायचं असेल, तर तोच इथे सांगते.

अ‍ॅक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के उजेड आत येतो. साध्या काचेपेक्षाही थोडा जास्त. पॉलिकार्बोनेटमधून ८८ टक्क्यांच्या आसपास. हा फरक डोळ्याला कळतसुद्धा नाही. फरक कळतो तो काही वर्षांनी. अ‍ॅक्रिलिक मुळातच उन्हाला पक्कं असतं, वर्षानुवर्षं स्वच्छ राहतं. पॉलिकार्बोनेट एकटं उन्हात ठेवलं तर पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. जुन्या गाड्यांचे हेडलाइट पिवळट, धुरकट झालेले पाहिलेत ना? ते पॉलिकार्बोनेटच. म्हणून छपराच्या शीटवर अतिनील किरण अडवणारा एक पातळ थर कारखान्यातच चढवलेला असतो. बहुतेक वेळा एकाच बाजूला! ती बाजू आकाशाकडे गेली नाही, तर पैसे पाण्यात.

ताकदीत मात्र पॉलिकार्बोनेटचा हात कोणी धरणार नाही. कंपन्यांचे कॅटलॉग सांगतात, की काचेच्या मानानं अ‍ॅक्रिलिक दहा ते सतरा पट मार सोसतं आणि पॉलिकार्बोनेट अडीचशे पट. दंगलीच्या वेळी पोलिसांच्या हातात ज्या पारदर्शक ढाली दिसतात, त्या याच्याच. अपोलो मोहिमांमधल्या अंतराळवीरांची गोल हेल्मेटंही याचीच होती. तापमानाचं म्हणाल, तर अ‍ॅक्रिलिक शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट दीडशेच्या जवळ. आणि आगीजवळ अ‍ॅक्रिलिक पेट घेतं नि जळत राहतं. पॉलिकार्बोनेट सहजी पेटत नाही, ज्योत बाजूला केली की बहुधा विझतं. खाली चूल असणाऱ्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं?

मग अ‍ॅक्रिलिकवाले मूर्ख का? अजिबात नाही. म्युनिकच्या १९७२च्या ऑलिंपिक पार्कचं ते तंबूसारखं प्रसिद्ध छप्पर अ‍ॅक्रिलिकचंच आहे, जवळजवळ ७५ हजार चौरस मीटर. ज्यांना वर्षानुवर्षं नितळ आकाश हवंय आणि ज्यांच्या डोक्यावर नारळ पडत नाहीत, त्यांनी खुशाल अ‍ॅक्रिलिक घ्यावं. मत्स्यालयांच्या त्या प्रचंड भिंतीही अ‍ॅक्रिलिकच्याच असतात.

एक गोष्ट मला नंतर वाचताना सापडली आणि मी लगेच आईला फोन केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर अ‍ॅक्रिलिकचं आवरण असायचं. विमानावर गोळ्या बसल्या की त्याचे बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत जायचे. हॅरॉल्ड रिडली नावाच्या नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की हे तुकडे डोळ्यात तसेच राहिले तरी डोळा फारशी तक्रार करत नाही. त्यावरून त्यांना कृत्रिम भिंगाची कल्पना सुचली आणि २९ नोव्हेंबर १९४९ला लंडनमध्ये त्यांनी डोळ्यात पहिलं अ‍ॅक्रिलिकचं भिंग बसवलं. आईच्या डोळ्यातलं भिंगही अ‍ॅक्रिलिकच्याच घराण्यातलं आहे, डिस्चार्जच्या कागदावर तसं लिहिलंय.

आई दोन क्षण गप्प. मग म्हणाली, 'म्हणजे मी त्यातूनच बघत्ये होय? बरंच आहे की मग ते. मग छपराला का नको म्हणत्येस?'

'तुझ्या डोळ्यात वानर उडी मारणार नाहीये, आई.'

'आणि दुसरं काय ते? पोळीकार्बोनेट?'

तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नाव पोळीकार्बोनेटच आहे. आंबापोळी, फणसपोळी आणि पोळीकार्बोनेट.

पॉलिकार्बोनेट नक्की झालं तरी सुटका नव्हती. त्यातही दोन प्रकार. एक भरीव, म्हणजे सॉलिड. दुसरी मल्टिवॉल, म्हणजे आत उभ्या नळ्यांसारखी पोकळी असलेली. ती हलकी, स्वस्त, आणि आतल्या हवेमुळे ऊनही थोडं कमी आत येतं. शहरातल्या बऱ्याच बाल्कन्यांवर आणि पार्किंगवर हीच दिसते. पण तिच्या कापलेल्या कडा नीट टेपनं बंद केल्या नाहीत, की नळ्यांमध्ये ओल, शेवाळ आणि मुंग्या शिरतात, आणि हिरव्या रेघा मग कायमच्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात मला शेवाळ हा शब्दही ऐकायचा नव्हता. मी सॉलिड घेतली. बजेटच्या बाहेर गेले, पण गेले.

रंगाचाही घोळ झालाच. पूर्ण पारदर्शक छपराखाली एप्रिलच्या दुपारी माणूस भाजून निघतो. हे मला कॅफेत कळलं नव्हतं, कारण तिथे एसी होता! म्हणून न्हाणीघराकडच्या बाजूला दुधी रंगाची शीट आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर एकच पट्टा पारदर्शक, असं ठरलं.

एप्रिल २०२४मध्ये मी चार दिवस रजा टाकून गावी गेले. फोनवरून काम सांगायचा अनुभव एकदा घेऊन झाला होता. दापोलीचा फॅब्रिकेटर आला. माणूस कामाचा, पण आयुष्यभर लोखंडी पत्रे बसवलेला. आल्या आल्या त्यानं पहिली शीट अंगणात आडवी टाकली आणि दोन्ही बाजूंची फिल्म टराटरा ओढायला हात घातला. मी जी किंचाळले, की अण्णा वॉकर घेऊन बाहेर आले. फिल्म गेली असती तर थर असलेली बाजू कुठली, हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. फिल्मवरच छापलेलं असतं, ही बाजू वर. शीट बसल्यावर मात्र ती लगेच काढायची, नाहीतर उन्हानं चिकटून बसते.

'ताई, तुम्ही इंजिनीअर काय?' त्यानं विचारलं.

'नाही हो. एकदा फसलेली गिऱ्हाईक.'

मग तो नीट ऐकायला लागला, आणि मीही त्याचं. ही शीट उन्हात वाढते, हे त्याला मी सांगितलं. दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ. पण तीन मीटरची शीट, पहाटे २० अंश आणि भर दुपारी ६०, म्हणजे दिवसाला आठ मिलिमीटरची ये-जा. म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं आणि स्क्रू करकचून आवळायचा नाही. आमचा जुना पत्रा भोकांपाशीच फाटला होता, आठवतंय ना? वॉशर ईपीडीएम रबराचे घ्यायचे. पीव्हीसीच्या वॉशरमधलं रसायन पॉलिकार्बोनेटला हळूहळू तडे पाडतं. खालच्या पाइपांची वरची बाजू पांढरी रंगवायची, कारण काळा पाइप उन्हात तापतो आणि शीटला तिथेच चटका बसतो.

त्यानं मला सांगितलं ते एक्सेल शीटमध्येही नव्हतं आणि भवानी पेठेतही. 'ताई, समुद्राचा वारा आहे. पाइप जीआयचा घ्या आणि स्क्रू स्टेनलेसचे, नाहीतर शीट राहील नि सांगाडा जाईल. आणि वारा वरून नाही येत, खालून उचलतो.' म्हणून त्यानं आडव्या पाइपांमधलं अंतर माझ्या नकाशापेक्षा कमी केलं. उतारही वाढवला. कॅटलॉगमध्ये किमान पाच अंश लिहिलेले, म्हणजे मीटरला नऊ सेंटिमीटर. त्यानं जवळजवळ दुप्पट दिला. 'इथला पाऊस कॅटलॉग वाचून नाही पडत,' म्हणाला. चूलही चार फूट बाहेर, छपराच्या कडेला सरकवून घेतली. पॉलिकार्बोनेट असलं म्हणून विस्तवाची परीक्षा बघायची गरज नाही.

आणि हो, एक गोष्ट कोणीच सांगत नाही, ती मी सांगते. आवाज! कौलांवरचा पाऊस कानाला गोड लागतो. या शीटवरचा पाऊस म्हणजे ताशा. जूनमध्ये पहिल्या सरीला आईनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तिचे ओठ हलतायत आणि ऐकू येतंय फक्त तडतड तडतड. शेवटी तिनं फोन खाली वळवून चिरे दाखवले. कोरडे ठणठणीत!

त्या एका चित्रासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला होता. ऑफिसच्या पँट्रीत उभी राहून मी ते कोरडे दगड बघत राहिले. शेजारी कॉफी घेणाऱ्या मुलीनं विचारलं, 'काय गं, काय झालं?' आता काय सांगणार?

ऑगस्टमध्ये नारळ पडला. रात्री दोनला. अण्णा दचकून उठून बसले, त्यांना वाटलं वीज पडली. सकाळी बघितलं तर शीटला एक पांढुरका ओरखडा, बाकी काही नाही. नारळाची त्या दिवशी सोलकढी झाली. वानरं पहिले काही दिवस बिचकली. पायाखाली आरपार दिसतं म्हणून की काय, पारदर्शक पट्ट्यावर उतरायलाच तयार नव्हती. आता त्यांनाही सवय झाली आहे.

सगळं गोडगोड झालं असं मात्र समजू नका. दिवाळीला गेले तर पारदर्शक पट्टा धुकं पडल्यासारखा दिसतोय. चौकशी केली. आईनं सणाची साफसफाई म्हणून शिडी लावून, कामवाल्या मावशींकडून तो राख आणि काथ्यानं घासून घेतला होता. पितळेची भांडी घासतात तसा! राखेतला क्षार आणि काथ्याचे ओरखडे, दोन्ही पॉलिकार्बोनेटचे वैरी. साधं साबणाचं पाणी आणि मऊ कापड, एवढंच त्याला चालतं. थिनर नको, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विडही नको. हे सगळं मी फॅब्रिकेटरला सांगितलं होतं, दुकानदाराशी बोलले होते, एक्सेलमध्ये लिहिलं होतं. ज्या बाईला रोज त्या छपराखाली वावरायचं होतं, फक्त तिलाच सांगायचं राहिलं होतं.

मी जरा चिडूनच म्हणाले, 'अ‍ॅक्रिलिक असतं तर पॉलिश तरी करता आलं असतं.' आई म्हणाली, 'आणि नारळ पडला तेव्हा?' माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिथेच पायरीवर अण्णा बसले होते, मांडीवर पेपर. आता काठीवर चालतात. पूर्वी ते सकाळचं ऊन इथे खायचे. पण या शीटमधून अतिनील किरण येत नाहीत आणि डॉक्टरांनी तर ड जीवनसत्त्वासाठी ऊन घ्यायला सांगितलंय, म्हणून त्यासाठी ते आता पुढल्या अंगणात जातात. पाऊस असला की मात्र मुक्काम मागल्या दारीच. मला कितीतरी दिवस जे बोलायचं होतं ते मी तेव्हा बोलून टाकलं. 'अण्णा, तो आधीचा पत्रा मी मागवला होता. बघून घ्यायला हवा होता.'

त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, 'मी पत्र्यामुळे नाही पडलो. चष्मा न लावता निघालो म्हणून पडलो.' थोड्या वेळानं पान उलटत म्हणाले, 'आणि त्या वर्षी लोकांच्या डोक्यावर ताडपत्री होती. आपल्या डोक्यावर पत्रा तरी होता.'

पहिलं कितपत खरं हे मला माहीत नाही. चष्मा ते झोपतानाही उशाशी ठेवतात आणि उठल्या उठल्या लावतात. मी वाद घातला नाही.

आता त्या शीटनं दोन पावसाळे बघितलेत. पिवळी पडलेली नाही, गळत नाही. पारदर्शक पट्टा अजून थोडा धुरकट आहे, पण उजेड येतो. काचेच्या कौलासारखी नेमकी तिरीप नाही येत, सगळीकडे सारखा पसरट उजेड येतो. आईला त्यावरून वेळ कळत नाही, म्हणून तिनं स्वयंपाकघरात घड्याळ लावून घेतलं.

मध्यंतरी ऑफिसातल्या एकानं विचारलं, टेरेसवर काय टाकू, अ‍ॅक्रिलिक की पॉलिकार्बोनेट? मी एक्सेल शीट फॉरवर्ड करणार होते. मग थांबले आणि काकांचाच प्रश्न त्याला विचारला, वर काय पडणार? तो म्हणाला, 'वरच्या मजल्यावरून सिगरेटची थोटकं आणि पोरांचा बॉल.' म्हटलं, 'मग पॉलिकार्बोनेटच टाक. आणि खाली कोण बसणार?' तो जरा विचारात पडला. म्हणाला, 'बहुतेक आईच.'

'मग आधी तिला विचार,' मी म्हटलं, 'आणि ते पुसायचं कशानं, तेही सांगून ठेव.'